सरावाचा हात

माझ्या डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला, एक शीर होती. होती म्हणते, कारण आता ती कडक झालीय, सुई लावली तर बाजूला सरकते. पण मी लॅबचा कोर्स करायला लागले तेव्हा ती दंडाला रबरी पट्टा न बांधताही दिसायची. मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्या मुलींचे हात पाहिले, माझ्यापाशी थांबल्या, पहिल्या बोटाने ती शीर दाबली, सोडली, पुन्हा दाबली आणि म्हणाल्या, "वा! आंधळ्यालासुद्धा सापडेल. मुलींनो, हिच्यावर शिका." मला इतका आनंद झाला की संध्याकाळी घरी जाऊन आईला चुलीपुढे हात दाखवत बसले. बावळट होते, दुसरं काय. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझ्यात काहीतरी चांगलं दिसलं होतं, आणि ते नेमकं टोचण्याजोगं निघालं.

लॅब कर्जतच्या बाजारात, फरसाणवाल्याच्या वर. जिना चढताना खालून गाठ्या तळल्याचा वास यायचा आणि दार उघडलं की स्पिरिटचा. हे दोन वास एकत्र आले की मला अजूनही एकदम भूक लागते आणि मळमळतंही. आत रक्त फिरवायच्या मशीनची घरघर, जुन्या फ्रीजची घरघर, आणि त्या दोन्हींच्या मधून मॅडमचा आवाज. मॅडम कधी ओरडत नसत. हळू, गोड बोलत आणि बोलता बोलता माणसाची सालं काढत. एकदा एका मुलीने ट्यूब जोरात हलवली. रक्त भरल्यावर ट्यूब अलगद उलटीसुलटी करायची असते. घुसळली की पेशी फुटतात आणि रिपोर्ट चुकतो. मॅडमनी त्या मुलीची वेणी धरली, तिचं डोकं तसंच गदागदा हलवलं आणि विचारलं, "कसं वाटतंय? रक्तालाही असंच वाटतं." आम्ही बाकीच्या हसलो. आपल्यावर आलं नाही की हसून घ्यायचं, हे आम्ही तिथे सगळ्यात आधी शिकलो.

पण खोटं कशाला बोलू, बाईच्या हाताला तोड नव्हती. पेशंटला "तुम्हीच ना अमक्या बाई?" असं विचारायचं नाही, घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं, "तुमचं नाव सांगा" म्हणायचं. स्पिरिट वाळू द्यायचं, वर फुंकर मारायची नाही. पट्टा मिनिटभराच्या वर बांधून ठेवायचा नाही. सुईचं तोंड वर, सुई आडवी, आणि पट्टा सोडल्याशिवाय सुई बाहेर काढायची नाही, नाहीतर रक्त कातडीखाली पसरतं आणि हात काळानिळा होतो. काळ्यानिळ्या जागी पुन्हा टोचायचं नाही. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही. ट्यूबवर नाव पेशंटसमोरच घालायचं, टेबलावर जाऊन नाही. हे सगळं मी आज माझ्या हाताखालच्या मुलींना शिकवते ते मॅडमच्याच शब्दांत शिकवते. शब्द चांगले होते. बाई वाईट होती.

सराव जोडीने करायचा अशी पद्धत होती. आज तू मला टोच, उद्या मी तुला. प्लास्टिकचा हात लॅबमध्ये होता, पण तो काचेच्या कपाटात, कुणी तपासायला आलं की बाहेर यायचा. माझी जोडी लागली पल्लवीशी. पल्लवी गावातल्या जुन्या घरातली, वडील वकील, आवाज बारीक, आणि स्वभावाने दुष्ट म्हणता येणार नाही अशी. ती मला टोचायची. कधी आरपार जायची, कधी आत शिरून शीर शोधत सुई फिरवायची, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं की "सॉरी गं, सॉरी गं" म्हणत आणखी फिरवायची. माझी पाळी आली की मात्र तिचं काहीतरी निघायचं. आज चतुर्थी आहे. आज सकाळपासून चक्कर येतेय. आज आई म्हणाली हाताला डाग नको, बघायला येणार आहेत. मग दुसऱ्या जोड्यांतल्या मुलींनीही मॅडमना विचारलं, आम्हाला एकमेकींची शीर सापडत नाही, हिच्यावर करू का? मॅडम रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाल्या, "करा की. सार्वजनिक नळच आहे तो."

तोंडाने कुणी काही म्हटलं नाही. म्हणतच नाहीत. पहिल्या आठवड्यात मॅडमनी प्रत्येकीचं आडनाव आणि गाव विचारलं होतं. मी म्हटलं, राहते भिसेगावात, मूळ गाव कडाव. कडावात कुठे? बौद्धवाड्यात. "अच्छा," म्हणाल्या, आणि त्या एका अच्छामध्ये सगळ्या वर्गाला काय ते कळलं. माझी शीर चाचपायला पल्लवीचं बोट चालायचं, माझं रक्त बोटाला लागलं तर ती स्पिरिटने पुसून टाकायची. पण माझं बोट तिच्या कोपराला लागायची वेळ आली की चतुर्थी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टोचून झालं की ती डब्यातला बेसनाचा लाडू कागदावर ठेवून माझ्याकडे सरकवायची. "खा गं, अशक्तपणा येईल." मी खायचे. हो, खायचे, लाडू चांगला असायचा.

घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. वडील मी लहान असतानाच गेले. आई कोंडाण्याच्या रस्त्याला एका फार्महाउसवर भांडी घासायला आणि चादरी धुवायला जायची. मुंबईची माणसं शनिवार-रविवार यायची, खायची, प्यायची, गाद्यांवर सांडायची, आणि सोमवारी आईचे हात पाण्यातून बाहेर निघायचे नाहीत. संध्याकाळी आली की आधी दाराच्या उंबऱ्यावर बसायची, पाय पसरून, बराच वेळ. मग उठून तांदळाची भाकरी थापायची. तिच्या भाकरीचा आवाज मला अजून ऐकू येतो, थप थप, मध्येच थांबून एक दम, पुन्हा थप थप. मला वाटायचं ती विचार करायला थांबते. भाकरीबरोबर वालाचं बिरडं, सुकट, पावसात कुर्डूची भाजी. तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ मुठीने तोंडात टाकायची सवय होती तिला, आणि पाटीवरची पेन्सिल तर मटामटा खायची. मी चिडवायचे, "आये, तुझ्यामुळे शाळेतल्या पोरांना पेन्सिली पुरत नाहीत." ती म्हणायची, "खाऊ दे गं. बरं वाटतं."

आज माझ्यासमोर कुणी बाई कच्चे तांदूळ चघळताना दिसली तर मी रस्त्यात थांबवून तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघते. लोक मला आगाऊ म्हणतात. म्हणू देत.

लॅबमध्ये माझं रक्त काढतात म्हटल्यावर आईने आपला बेत आखला. रविवारी मटणवाल्याकडून कलेजी आणायची, कांद्यावर परतायची, आणि सगळी माझ्या ताटात. "तुजं रगत जातं बाय, तुला पायजे." ती स्वतः पेज आणि चटणी. मी म्हटलं तू पण घे, तर म्हणायची, "मला वास सोसवत नाय." वास सोसवत नाही असं म्हणणारी बाई कढई मात्र भाकरीने पुसून खायची. एवढं डोळ्यांसमोर चाललेलं असून मला दिसलं नाही. विशीतल्या पोरीला आईचं ताट दिसत नाही, स्वतःचंच दिसतं.

परीक्षा जवळ यायला लागली तशी मला भीती वाटायला लागली. मला सगळं पाठ होतं, पण माझ्या हाताने जिवंत माणसाला सुई लावलेलीच नव्हती. सगळ्या वर्गाने माझ्यावर हात बसवला आणि माझा हात बसला नव्हता. कोर्सच्या शेवटी बाहेरून डॉक्टर परीक्षक येणार, त्यांच्यासमोर जोडीदाराच्या हातातून पहिल्या सुईत दोन ट्यूब भरायच्या. जमलं तर सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट आलं तर खोपोलीच्या एका दवाखान्यात जागा जवळजवळ ठरलेली. आईची भांडी सुटणार होती. हे सगळं मी एका संध्याकाळी रडत रडत सांगितलं, तर आईने पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, पोलक्याची बाही वर केली आणि म्हणाली, "मग घाल की. माजा हात काय भाड्यानं दिलाय?"

तिच्या शिरा मिळायच्या नाहीत. बारीक, खोल, बोटाखालून निसटणाऱ्या. मेडिकलमधून सुया आणायचे, वापरलेल्या सुया जाड डब्यात साठवून लॅबमध्ये जाळायला न्यायचे, सगळं नियमाने. पण नियमाने सुई शिरेत जात नाही. मी चुकायचे, पट्टा सोडायला विसरायचे, आईचा हात जांभळा व्हायचा, मग दुसरा हात. ती तोंड भिंतीकडे करून बसायची आणि माझी समजूत काढायची, "लागत नाय गं. तू बघ तुजं." पुढे पुढे जमायला लागलं. चमचाभर रक्त यायचं, फिकट, पातळ. लॅबमध्ये सरावाचं रक्त ब्लीचच्या बादलीत ओतायची पद्धत होती, कुणीही ते कधी तपासायचं नाही. सरावाचं रक्त म्हणजे कुणाचंच नाही. मीही घरी तेच केलं. ब्लीचिंग पावडर घालून मोरीत. रक्त पातळ दिसतं हे मला दिसत होतं, पण मला वाटायचं, आईच्या वयाला असंच असेल.

परीक्षेच्या सकाळी पल्लवीने मॅडमना हळूच काहीतरी सांगितलं. मॅडमनी मला बोलावून घेतलं. "पल्लवीच्या हातातून नको. तिच्या घरचं आवडणार नाही. तू तुझं कुणीतरी आण." मी विचारलं, "मग ती कुणावर करणार?" मॅडम हसल्या. "तुझ्यावर. वेडी आहेस का?"

आईला आणायला मी धावत घरी गेले. तिने खाडा केला, चांगलं लुगडं नेसली, लांब बाह्यांचं पोलकं घातलं. लॅबचा जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसली आणि मी तिच्यावर खेकसले, "चल ना गं आये, उशीर होतोय." ती उठली. वर आधी पल्लवीची परीक्षा झाली, माझ्या डाव्या हातावर, आणि ती पास झाली. का नाही होणार? ती वाट तिने इतक्या वेळा तुडवली होती की डोळे मिटून गेली असती.

मग मी. आई खुर्चीत बसली. मॅडमनी स्वतः तिची बाही वर सारली, आणि कोपराची ती पिवळी-जांभळी जागा सगळ्या वर्गाला दिसली. मॅडमनी दुसरी बाही सारली. तिथेही तेच. "बघा डॉक्टर," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "ही आमची विद्यार्थिनी. आईचासुद्धा हात ठेवला नाही. घरात हे धंदे करायला कुणी सांगितलं होतं गं?" कुणीतरी फिसकन हसलं. आईला वाटलं तिचंच काही चुकलं. ती बाह्या खाली ओढत म्हणाली, "मीच सांगितलं बाई तिला. तिला कोन हात देत नव्हतं." पल्लवी नखांकडे बघत होती.

परीक्षक वयस्कर होते आणि कंटाळलेले. म्हणाले, काळ्यानिळ्या जागी टोचायचं नाही, मग काय करशील? मी म्हटलं, हाताच्या मागची शीर, बारीक सुई. "कर." मी मनगटाच्या वर पट्टा बांधला, आईचा पंजा माझ्या मुठीत धरला, स्पिरिट लावलं, वाळू दिलं. साबणाने चिरलेला तो पंजा होता. सुई गेली, नळीत रक्त चढलं, दोन ट्यूब भरल्या, पट्टा सोडला, कापूस ठेवला, मग सुई काढली. आईला नाव विचारलं, तिने ओशाळून सांगितलं, तिच्यासमोर ट्यूबवर लिहिलं. माझ्या आयुष्यात मी त्याहून चांगलं रक्त काढलेलं नाही, आणि मी हजारो हात पाहिलेत.

मॅडम ट्यूब उचलून बादलीकडे निघाल्या. परीक्षक म्हणाले, "थांबा, ओतू नका. गुठळी झालीय का बघू, पेशी मोजायच्या मशीनवर लावा." मशीनने कागद सोडला. मॅडमनी तो वाचला आणि माझ्याकडे वळल्या. "पाणी घातलंस का यात?" कागदावर हिमोग्लोबिन पाच होतं. बाईमाणसाला बारा लागतं. परत लावलं. परत पाच. परीक्षक उठले, आईपाशी गेले आणि तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. आत पांढरंफटक होतं. "दम लागतो का? अंगावरून जास्त जातं का?" आई खाली मान घालून म्हणाली, "ते तं लई वर्सं हाय." मला कधी बोलली नव्हती. परीक्षक म्हणाले, हिला आजच्या आज रक्त लागलं पाहिजे, हृदयावर ताण आलाय, कशी जिना चढली कोण जाणे. पुढे डॉक्टरांनी मला समजावलं की तुझ्या चमचाभर रक्ताने काही झालेलं नाही, हे जुनं दुखणं आहे. पण त्या क्षणी मला मोरीतलं पातळ रक्त दिसत होतं. कितीदा माझ्या हातात आलं होतं ते. मॅडमनी तेवढ्यात वहीत माझ्या नावापुढे खूण केली. "सॅम्पल उत्तम आहे. पास." आईने मान वर करून विचारलं, "झाली का पास?" आणि हसली.

टेंपो करून तिला पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे म्हणाले, दोन बाटल्या लागतील, एक आम्ही देतो, एका बाटलीसाठी रक्तदाता आणा. मी म्हटलं मीच आहे. आईचा आणि माझा गट एकच. रक्तपेढीत मी ऐटीत जाऊन बसले, काय सांगू. इतकी वर्षं कुणाच्या कामाला न आलेली मुलगी आज आईच्या कामाला येणार होती. तिथल्या माणसाने बोट टोचून तपासलं आणि म्हणाला, "हिमोग्लोबिन फार छान आहे ताई." असणारच. रविवारची सगळी कलेजी माझ्याच पोटात गेली होती. मग त्याने माझी बाही वर केली, दुसरी वर केली, आणि त्याचा चेहरा बदलला. आवाज खाली आणून म्हणाला, "कधीपासून घेतेस?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सुयांच्या खुणा असलेल्या हाताचं रक्त ते घेत नाहीत, नशेच्या सुया मारणाऱ्या माणसाच्या रक्तात काय असेल सांगता येत नाही म्हणून. नियम बरोबर आहे, मीही आज तो पाळते. मी त्याला सांगितलं, मी लॅबचा कोर्स करते, मुली माझ्यावर सराव करतात. तो म्हणाला, "एवढा? सगळ्या एकाच हातावर?" मी बाह्या खाली ओढल्या. शेवटी तो म्हणाला, तुमच्या मॅडमना फोन करा, त्या बोलल्या तर बघू. पेढीच्या दारातल्या बूथवरून फोन लावला. मी सगळं सांगितलं, आईचं सांगितलं, आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. मॅडमचा आवाज बाहेर मलाही ऐकू येत होता, नेहमीसारखा, हळू आणि गोड. "आमच्याकडे विद्यार्थ्यांवर सुया मारत नाहीत. प्लास्टिकचा हात आहे आमच्याकडे, कधीही येऊन बघा. मुलगी तशी बरी आहे, पण ती घरी काय करते ते मला कसं माहीत असणार?" त्याने फोन ठेवला. माझ्याकडे रागाने नाही, दयेने बघितलं. ते जास्त लागलं.

त्या बाईला मी माफ केलेलं नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात मला निरोप आला होता, तिच्या शिरा कुणाला मिळत नाहीत, तू येशील का. मी गेले, एका सुईत रक्त काढलं, पट्टा सोडला, कापूस दाबून धरला. ती "तुझा हात हलका आहे गं" म्हणाली. मी एक शब्द बोलले नाही आणि निघून आले. लोक म्हणतात आजारी माणसाशी असं वागू नये. मला बरं वाटलं होतं.

खालापूरच्या बाजूला आईचा भाऊ होता, त्याला निरोप धाडला. मामा रात्र व्हायच्या आत आला, त्याचं रक्त चाललं, दुसरी बाटली लागली आणि आई वाचली. पुढे माझी खोपोलीची नोकरीही तिने पाहिली. पण मामा येईपर्यंतची ती दुपार आहे ना, ती माझ्यातून जात नाही. रक्तपेढीतून मी वॉर्डात परत आले तेव्हा पहिली बाटली चालू होती, थेंब थेंब. आई पडून वर बाटलीकडे बघत होती. मला बघून तिने विचारलं, "दिलंस?"

मी म्हटलं, "नाय गं. माझं चालत नाही म्हणाले."

तिला ते खरंच समजेना. ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या हाताकडे, आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "असं कसं नाय चालत, बाय? तुजं तं सगळ्यांना चालतं."